सिडनी ते वॉर्नंबूल, जोडीने सायकलवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परत आल्यापासून सोसायटीत, लग्नकार्यात, फोनवर, सगळीकडे तेच तेच प्रश्न येतायत, आणि प्रत्येकाला घाईघाईत अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवावं असं वाटलं. आम्ही दोघं पुण्याचे, मी ४९ आणि नवरा ५३. १० फेब्रुवारी ते २८ मार्च २०२४ असे ४८ दिवस आम्ही ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्याने सिडनीपासून वॉर्नंबूलपर्यंत सायकलने गेलो, सगळं सामान सायकलवर आणि तंबू बरोबर. खाली जे आहे ते आमच्या अनुभवाचं आहे, त्यामुळे तुमची तब्येत, तुमचे दिवस आणि तुमचा जोडीदार बघून त्यात बदल करा.

एकूण किती किलोमीटर झाले? रस्ता कुठला धरलात?

जवळजवळ १,५५० किमी. सरळ प्रिन्सेस हायवेने सिडनी ते मेलबर्न गेलात तर हजारच्या थोडं वर होतं, पण आम्ही जमेल तिथे हायवे सोडून समुद्राकडे वळत होतो आणि मेलबर्न शहरात न शिरता खालून पुढे गेलो.

सिडनीतून क्रोनुलापर्यंत लोकल ट्रेन, तिथून छोट्या फेरीबोटीने बंडीना, मग रॉयल नॅशनल पार्क, वोलाँगाँग, कायामा, अलाडुला, बेटमन्स बे, नरूमा, बर्मागुई, टाथ्रा, मेरिम्बुला, एडन. तिथे न्यू साउथ वेल्स राज्य संपतं. पुढे व्हिक्टोरियात मॅलाकूटा, कॅन रिव्हर, ऑर्बोस्ट, बेअर्न्सडेल, सेल, यारम, फॉस्टर, इन्व्हरलॉक, फिलिप आयलंडवरचं काउज, तिथून बोटीने स्टोनी पॉइंट, सोरेंटो, परत बोटीने क्वीन्सक्लिफ, आणि टॉर्कीपासून ग्रेट ओशन रोड धरून वॉर्नंबूल. तीन फेरीबोटी झाल्या. दाभोळ-धोपावे किंवा आगरदांडा-दिघी जेट्टीवरून ज्यांनी सायकल चढवलीये त्यांना तिथे अगदी घरच्यासारखं वाटेल.

मेलबर्नहून सिडनीकडे, म्हणजे उलट का नाही गेलात?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि खरं तर सगळ्यात आधी हाच विचारायला हवा. ऑस्ट्रेलियातही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे सिडनीहून दक्षिणेला निघालात की समुद्र तुमच्या डाव्या हाताला, म्हणजे तुमच्याच बाजूला राहतो, आणि व्हिक्टोरियात पश्चिमेकडे वळलात तरी तो डावीकडेच राहतो. फोटोसाठी थांबायचं, खाली बीचवर उतरायचं, यासाठी रस्ता ओलांडावाच लागत नाही. रेवसहून रेडीकडे येताना आपल्याला समुद्र उजवीकडे असतो, मधे समोरून येणारी वाहनं, तेव्हा हा फरक किती मोठा आहे ते कोकणात सायकल चालवलेल्यांना लगेच कळेल.

दुसरं म्हणजे वारा. उन्हाळ्यात, म्हणजे त्यांच्या डिसेंबर ते मार्चमध्ये, न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर दुपारचा वारा बहुतेक ईशान्येकडून येतो, दक्षिणेला जाताना तो पाठीशी. व्हिक्टोरियात मात्र पश्चिमेचा वारा तोंडावर येतो आणि तो सहन करावाच लागतो, आम्ही तिथे सकाळी लवकर निघून साडेअकरा-बारापर्यंत दिवस संपवायचो.

आणि न्यू साउथ वेल्समधला 'सदर्ली', म्हणजे दक्षिणेकडून अचानक येणारा गार वारा, लक्षात ठेवा. अलाडुलाच्या पुढे आम्ही घामाघूम होऊन चाललो होतो, पाठीवर वारा, मस्त वेग, आणि दहा-पंधरा मिनिटांत वारा पूर्ण उलटा फिरला, एकदम गार झालं, धूळ-पानं अंगावर यायला लागली आणि सायकल उतारावरसुद्धा पेडल मारल्याशिवाय जाईना. हवामानखात्याच्या ॲपवर याची वेळ आधी दिसते, रोज सकाळी बघायची सवय लावा.

आधी किती तयारी केली?

वर्षभर. शनिवार-रविवार सिंहगड पायथा, मुळशी, ताम्हिणी, आणि दिवाळीत सामानासकट कोकण. कोकणाची तयारी सगळ्यात जास्त कामी आली, कारण तिथेही चढ फार उंच नसतात पण सारखे येत राहतात, खाडीला उतरायचं आणि परत सड्यावर चढायचं, न्यू साउथ वेल्सचा दक्षिण किनारा तसाच आहे. सामान लादून किमान चार-पाच दिवस सलग चालवून बघितल्याशिवाय जाऊ नका, रिकाम्या सायकलवर शंभर किमी मारणं वेगळं आणि पंधरा-अठरा किलो घेऊन सलग सहाव्या दिवशी पन्नास मारणं वेगळं.

दिवसाला सरासरी ४७ किमीच? एवढं कमी का?

४८ पैकी ३३ दिवस चालवली, १५ दिवस थांबलो. सरासरी ४७ आली. बरेच जण म्हणतात आम्ही तर रोज शंभर मारू, जरूर मारा, पण मला मनापासून सांगायचंय ते हेच की जोडीने जाताना अंतर दोघांपैकी ज्याचा दिवस वाईट आहे त्याच्या हिशोबाने ठरवायचं असतं. आणि वाईट दिवस आलटून पालटून दोघांनाही येतात.

सुरुवातीला आम्ही चुकलो. कायामा ते जेरिंगाँगचे चढ होते, चौथा दिवस. नवरा माझ्यापेक्षा वेगात चढतो, तो वर जाऊन माझी वाट बघत थांबायचा, पाणी प्यायचा, फोटो काढायचा, आणि मी धापा टाकत पोचले की म्हणायचा चला निघू. त्याला दहा मिनिटं विश्रांती मिळाली, मला शून्य, आणि असं चार चढांवर झालं. पाचव्याला मी सायकल आडवी केली आणि रस्त्याकडेच्या गवतात बसून राहिले, काही बोलले नाही, डोळ्यात पाणी होतं. तो शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, तू पुढे चालव. बस, तेवढंच. त्या दिवसापासून मी पुढे आणि तो मागे, आणि विश्रांतीचं घड्याळ मी पोचल्यावर सुरू. मागे राहिल्यामुळे त्याचा वेग कमी झाला पण तो म्हणतो की त्यामुळेच त्याला पहिल्यांदा आजूबाजूचं दिसायला लागलं. शिवाय मागच्याला ट्रक आधी ऐकू येतो, तो ओरडून सांगू शकतो.

मग भांडणं झाली की नाही?

झाली. बहुतेक सगळी सकाळी साडेअकराच्या सुमाराला, आणि आठवडाभराने लक्षात आलं की ती भूक असते. मग हँडलबारच्या पिशवीत शेंगदाण्याची चिक्की आणि खजूर कायम ठेवले आणि एकाचा आवाज चढला की दुसरा आधी चिक्की पुढे करायचा.

दोन नियम मात्र ठरवले होते आणि ते शेवटपर्यंत पाळले. दुपारी तीनच्या आधी कुणीही 'आज बास' म्हटलं की बास, कारण विचारायचं नाही. आणि गाडीने किंवा बसने एखादा टप्पा पार करावासा वाटला तर तो अपमान नाही. ही मुभा आम्ही एकदाही वापरली नाही पण ती होती म्हणून मी कित्येक सकाळी बिनधास्त निघू शकले. आणि दोन तास एकमेकांशी न बोलता चालवणं म्हणजे भांडण नव्हे, घरी पंचवीस वर्षांत एवढं शांतपणे बरोबर राहायला आम्हाला कधी मिळालंच नव्हतं.

सायकली कुठल्या?

दोन्ही स्टीलच्या फ्रेमच्या टुरिंग सायकली, पुढे तीन चकत्या, मागे ११-३४ ची कॅसेट (मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच), ३८ मिमीचे जाड टायर. सगळ्यात हलका गिअर जितका हलका मिळेल तितका घ्या. माझ्याकडे साधारण १४ किलो सामान, त्याच्याकडे १८. तंबू त्याच्याकडे, चूल आणि भांडी माझ्याकडे, दोघांकडे एकेक ट्यूब आणि पंप, म्हणजे चुकामूक झाली तरी कुणी अडकत नाही. हेल्मेट तिथे कायद्याने सक्तीचं आहे, व्हिक्टोरियात तर १९९० पासून. आणि आरसा लावा. छोटासा हँडलला लावायचा आरसा.

विमानात सायकल कशी नेली? आणि कस्टम्सला त्रास होतो का?

सायकलच्या दुकानातून पुठ्ठ्याचा खोका, पेडल काढायची, हँडल आडवं, पुढचं चाक काढून फ्रेमला बांधायचं, आणि गिअरच्या बाजूला फोमची जाड गादी. आमच्या एका खोक्याला प्रवासात मार बसला आणि मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो ज्याला लटकतो तो तुकडा, वाकून आला. स्पेअर हँगर बरोबर होता म्हणून पहिल्याच संध्याकाळी काम झालं. तुमच्या फ्रेमचा हँगर ऑस्ट्रेलियात मिळेलच असं नाही, तो इथूनच घेऊन जा. गॅसची नळकांडी विमानात चालत नाहीत, तिथे पोचून घ्यायची, आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत.

ऑस्ट्रेलियाची बायोसिक्युरिटी कडक आहे आणि का आहे ते समजून घेतलं की राग येत नाही, बाहेरची एखादी कीड किंवा बी आत गेलं तर त्यांच्या शेतीचं आणि जंगलाचं फार मोठं नुकसान होतं. टायरच्या खाचा, मडगार्डची आतली बाजू, बुटांचे तळ, तंबूचे खुंटे, सगळं जुन्या टूथब्रशने घासून मातीचा कणही ठेवू नका. विमानात मिळणाऱ्या फॉर्मवर तंबू, वापरलेले बूट, खाण्याचे पदार्थ, सगळं 'आहे' म्हणून लिहा. लिहिलेलं असेल तर फार तर वस्तू काढून घेतात, लपवलेलं सापडलं तर मोठा दंड होतो. पेढे, बर्फी वगैरे दुधाची मिठाई नेऊच नका.

व्हिसा?

व्हिजिटर व्हिसा, सबक्लास ६००, ऑनलाइन अर्ज. प्रवासाचा आराखडा, बँकेचे कागद, परत येण्याचं कारण दिसेल अशी कागदपत्रं. आम्ही सायकलने फिरणार हे स्पष्ट लिहिलं होतं.

रस्त्यावर ट्रक, वेगातल्या गाड्या, भीती नाही वाटली?

वाटली, आणि ती खरी आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्याकडे गर्दी असते पण वेग कमी असतो, हॉर्न सतत असतो, मागे काय आहे ते कळतं. तिथे हॉर्न कुणी वाजवत नाही आणि गाडी शंभरच्या वेगाने येते. दोन्ही राज्यांत सायकलला ओलांडताना गाडीने ६० च्या वेगापर्यंत किमान एक मीटर आणि त्याच्या वर दीड मीटर अंतर ठेवायचा कायदा आहे, न्यू साउथ वेल्समध्ये २०१६ पासून आणि व्हिक्टोरियात २०२१ पासून, आणि बहुतेक लोक तो पाळतात. ट्रकवाले तर जास्तच पाळतात. आमच्या अनुभवात त्रास झाला तो कॅराव्हॅन (चाकांवरचं घर) ओढणाऱ्या गाड्यांचा, कारण मागचा कॅराव्हॅन गाडीपेक्षा रुंद असतो आणि चालवणाऱ्याला त्याचा अंदाज नसतो.

कठीण पट्टा म्हणजे एडन ते ऑर्बोस्ट. दोन्हीकडे उंच निलगिरीचं जंगल, वळणं, काही ठिकाणी बाजूची पट्टी जेमतेम हातभर, आणि लाकडाच्या ओंडक्यांचे ट्रक. व्हिक्टोरियाने सरकारी जंगलातली नैसर्गिक झाडांची तोड १ जानेवारी २०२४ पासून बंद केली, त्यामुळे त्या बाजूला हे ट्रक आता कमी झालेत असं तिथल्या लोकांनी सांगितलं, पण न्यू साउथ वेल्सच्या बाजूला भेटतातच. आम्ही एडन ते मॅलाकूटा हा टप्पा मुद्दाम शनिवार-रविवारी ठेवला, तेव्हा मालवाहतूक कमी असते. भडक पिवळं जॅकेट, दिवसासुद्धा मागचा लाल दिवा चालू, आणि समोरून व मागून एकाच वेळी मोठी गाडी येताना दिसली तर हिशोब करत बसू नका, खाली उतरून गवतात उभे राहा. आम्ही दिवसातून पाच-सात वेळा उतरत होतो.

मोठ्या माणसांना फूटपाथवर सायकल चालवता येत नाही हेही लक्षात ठेवा, दंड आहे. किनाऱ्याकडेच्या गावांमधे चालणारे आणि सायकलवाले दोघांसाठी असलेले रुंद ट्रॅक खूप असतात, ते वापरा.

पंक्चर किती झाली?

दोघांची मिळून अकरा, आणि त्यातली सात एकाच कारणाने. मोठ्या ट्रकचे टायर फुटून रस्त्याकडेला त्याचे तुकडे पडलेले असतात, त्या रबरात केसासारख्या बारीक स्टीलच्या तारा असतात, त्या सुटून पट्टीवर पसरतात आणि टायरमध्ये घुसतात. मॅलाकूटाच्या फाट्यावरच्या जेनोआ गावाच्या पुढे माझं मागचं चाक तीनदा बसलं, ट्यूब बदलली, परत बसलं, टायरच्या आतून बोट फिरवलं तर काहीच लागेना. शेवटी नवऱ्याने टायर पूर्ण उलटा केला, उन्हात धरला, एकेक इंच वाकवत गेला आणि एका ठिकाणी काहीतरी चमकलं, जेमतेम दोन मिलिमीटर बाहेर आलेलं टोक. भुवया कोरायच्या चिमट्याने ओढून काढली ती तार, नखाएवढी होती. चिमटा न्या.

रात्री राहायचे कुठे?

बहुतेक वेळा कॅराव्हॅन पार्क, तिथे वीज नसलेली तंबूची जागा घ्यायची. आंघोळ, कपडे धुवायचं मशीन आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कँप किचन असतं, फ्रिज-गॅस-टेबल सगळं. लहान गावांत शोग्राउंड, म्हणजे जत्रा-प्रदर्शनाचं मैदान, तिथे स्वस्तात तंबू लावू देतात. नॅशनल पार्कमधली जागा न्यू साउथ वेल्समध्ये आधी ऑनलाइन बुक करावी लागते. मरामराँग नॅशनल पार्कमधल्या पेबली बीचवर आमच्या तंबूपासून दहा पावलांवर कांगारू चरत होते, पहाटे त्यांचा गवत तोडण्याचा करकर आवाज ऐकून जाग आली. पाच रात्री वॉर्मशॉवर्सवरून (सायकलने फिरणाऱ्यांना घरी मुक्काम देणाऱ्यांची वेबसाइट) भेटलेल्या सायकलवाल्यांच्या घरी राहिलो.

तारखांचं भान ठेवा. व्हिक्टोरियात मार्चच्या दुसऱ्या सोमवारी लेबर डेची सुट्टी असते, २०२४ मध्ये ती ११ मार्चला आली, जोडून शनिवार-रविवार, वरून कडक ऊन, आणि बेअर्न्सडेलला आम्हाला दोन ठिकाणी जागा नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्या ठिकाणी त्या बाईंनी कुंपणाजवळचा कोपरा दाखवला आणि पैसे निम्मे घेतले. नाताळ ते जानेवारीअखेर शाळांना सुट्ट्या असतात, तेव्हा हा किनारा टाळाच. आम्ही ईस्टरच्या सुट्टीआधी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी संपवलं.

शाकाहारी जेवणाचं काय केलं?

घरच्यासारखं खाल्लं, खरंच. वूलवर्थ्स, कोल्स, आयजीए या सुपरमार्केटपैकी काही ना काही बहुतेक गावांत असतं, तिथे तांदूळ, मसूर, दही, भाज्या, अंडी, चपातीसारखे रॅप मिळतात. सिडनीत हॅरिस पार्क हा भाग आपल्या लोकांच्या दुकानांनी भरलेला आहे, तिथून आम्ही ज्वारीचं पीठ, बाजरीचं पीठ, बेसन, तांदळाची पिठी, धने-जिरेपूड, गोडा मसाल्याचं पाकीट आणि चिक्की घेतली, पिठं कँप किचनमध्ये कोरडी भाजून एकत्र केली आणि भाजणी म्हणून डब्यात भरली.

आणि आता थालीपीठ. ऑस्ट्रेलियात जवळजवळ प्रत्येक गावाच्या बागेत, बीचवर, सरकारी इलेक्ट्रिक बार्बेक्यू असतो, स्टीलची मोठी सपाट प्लेट, बटण दाबलं की तापते, फुकट. बर्मागुईला समुद्रासमोरच्या बागेत मी ती प्लेट आधी गरम करून पुसली, मग तिथेच पाणी मारून, परत पुसून, अर्धा कांदा तेलात बुडवून सगळीकडे घासला. आधीच्या कुणीतरी त्यावर मांस भाजलेलं असतं, तुम्हाला चालत नसेल तर ॲल्युमिनियम फॉइल अंथरा. ब्रेडची रिकामी पिशवी फाडून तिच्यावर पाण्याच्या हाताने थापलं, मधे पाच भोकं पाडली, उलटं टाकून पिशवी हळूच सोडवली आणि वर पातेलं पालथं घातलं वाफ धरायला. प्लेट दहाएक मिनिटांनी आपोआप बंद होते, परत बटण दाबायचं. आपल्या तव्याएवढी ती तापत नाही म्हणून थालीपीठ थोडं पातळ थापायचं आणि घाई करायची नाही. शेजारी सॉसेज भाजणाऱ्या आजीबाई वास घेत आल्या, एक खाल्लं, दुसरं मागून घेतलं, आणि संध्याकाळी आमच्या तंबूपाशी त्यांच्या झाडाची लिंबं ठेवून गेल्या.

रॉयल नॅशनल पार्क ओलांडलात की थोडं आत हेलेन्सबर्गला व्यंकटेश्वराचं मोठं देऊळ आहे, आम्ही दुसऱ्याच दिवशी, रविवारी, तिथे थांबलो, दर्शन घेतलं आणि कँटीनमध्ये डोसा खाल्ला.

साप, मगरी, कोळी?

मगरी या भागात नाहीत, त्या वर उत्तरेला. साप तीनदा दिसला, तिन्ही वेळा स्वतःहून निघून गेला, गवतात चालताना पाय आपटत चाला आणि तंबूची चेन कायम बंद. गवतातून आल्यावर अंगावर गोचीड आहे का ते एकमेकांचं बघा, त्या किनाऱ्यावरची एक गोचीड विषारी असते. रात्री खाण्याची पिशवी बाहेर ठेवली तर पॉसम नावाचा प्राणी घेऊन जातो. मॅगपाय पक्षी ऑगस्ट ते ऑक्टोबर पिल्लांच्या काळात सायकलवाल्यांच्या डोक्यावर झेपावतात, आम्ही त्या काळात नव्हतो. कांगारू पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात, तेव्हा चालवू नका.

साप-मगरीपेक्षा उन्हाची काळजी करा. तिथलं ऊन आपल्या उन्हापेक्षा वेगळं आहे, हवा गार असते आणि कातडी भाजलेली असते. पूर्ण बाह्या, मानेवर पट्टा, ५० चं सनस्क्रीन दर दोन तासांनी. आणि समुद्रात उतरायचं ते लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच, जीवरक्षक तिथेच असतात.

वणव्यांचं काय? तिथे मोठ्या आगी लागतात ना?

हो, आणि उन्हाळ्यात जाणार असाल तर हे गंभीरपणे घ्या. रस्त्याकडेला आगीच्या धोक्याचे मोठे बोर्ड असतात, मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम आणि कॅटास्ट्रॉफिक अशा चार पायऱ्या. न्यू साउथ वेल्ससाठी 'हॅझर्ड्स निअर मी' आणि व्हिक्टोरियासाठी 'व्हिकइमर्जन्सी' ही दोन ॲप फोनमध्ये हवीतच. 'टोटल फायर बॅन' जाहीर झाला की चूल पेटवायची नाही, त्या दिवशी आम्ही ब्रेड-पीनट बटर खायचो. एक्स्ट्रीम किंवा त्याच्या वर गेलं तर जंगलातून जायचंच नाही, गावात थांबायचं.

आम्ही गेलो तो रस्ता २०१९-२० च्या वणव्यात होरपळलेला आहे. ३१ डिसेंबर २०१९ ला कोबार्गो गावचा मुख्य रस्ता जळाला, त्याच दिवशी मॅलाकूटात आग आली आणि हजारो माणसं तलावाच्या आणि समुद्राच्या काठावर जमली, सकाळी आकाश काळं झालं होतं आणि मग लाल. गावाचा एकुलता रस्ता बंद, शेवटी नौदलाच्या जहाजांनी लोकांना बाहेर काढलं. आम्ही तिथे तलावाकाठच्या त्याच मोकळ्या जागेत तंबू लावला. शेजारच्या तंबूतल्या गृहस्थांनी हाताने दाखवलं, तिकडून आली, आम्ही इथे या धक्क्यावर ओल्या ब्लँकेटखाली होतो. एवढंच बोलले आणि चहा ओतत राहिले.

जेनोआहून मॅलाकूटाला आत जाणारा २३ किमीचा रस्ता मला आयुष्यभर आठवेल. काळीठिक्कर पडलेली खोडं, आणि त्या खोडांवर खालपासून वरपर्यंत, थेट सालीतून, हिरवी पालवी केसाळ बाह्यांसारखी फुटलेली. निलगिरीच्या सालीखाली झोपलेले कोंब असतात, शेंडा जळला की ते जागे होतात. चार वर्षं झाली होती. आम्ही एका झाडापाशी उतरलो, मी खोडाला हात लावला तर तळवा काळा झाला आणि नाकाशी पालवीचा उग्र वास. बराच वेळ तिथून निघवेना.

रेल ट्रेल म्हणजे काय? त्यावर सायकल जाते?

बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ काढून केलेली वाट. चढ अगदी हळू, कारण आगगाडीसाठी बांधलेला रस्ता, आणि गाडी-ट्रक नाही. ऑर्बोस्ट ते बेअर्न्सडेल हा ईस्ट गिप्सलँड रेल ट्रेल पंचाण्णव किमीच्या आसपास आहे, वाट खडीची, ३८ चे टायर पुरतात. नोवा नोवाजवळ १९१६ चा लाकडी रेल्वेपूल आहे, स्टोनी क्रीकचा, आता त्यावरून जाता येत नाही, वाट बाजूने दरीत उतरते आणि तुम्ही खालून त्या खांबांच्या जंगलाकडे बघता. एडन-ऑर्बोस्टच्या ट्रकनंतर पहिल्यांदा आम्ही दोघं शेजारीशेजारी चालवू शकलो, आणि दिवसभर बोललो.

ग्रेट ओशन रोड एवढं नाव आहे, तेवढा आहे का?

आहे, पण वेळ सांभाळून. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ पासून कुदळ-फावड्याने हा रस्ता खोदायला घेतला आणि १९३२ मध्ये तो पुरा झाला, युद्धात गेलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. हे माहीत असलं की कड्यात कोरलेलं प्रत्येक वळण वेगळं दिसतं. लॉर्न ते अपोलो बे हा ४५ किमीचा तुकडा सकाळी उजाडताच निघून करा, दिवे लावून. दहानंतर टूरच्या बसेस येतात. अपोलो बेनंतर लॅव्हर्स हिलचा लांब चढ आहे, समुद्र दिसत नाही, ओलं जंगल, आम्हाला पूर्ण दिवस लागला. ट्वेल्व्ह अपॉसल्स, म्हणजे समुद्रात उभे असलेले खडकाचे सुळके, संध्याकाळी बघा. नाव बारा असलं तरी बारा नाहीत, २००५ मध्ये त्यातला एक सुळका कोसळला, समुद्र अजून कोरतोच आहे.

मला विचाराल तर सी क्लिफ ब्रिजही तेवढाच आवडला, वोलाँगाँगच्या अलीकडे ६६५ मीटरचा, कड्यापासून सुटून थेट पाण्यावरून जाणारा. कड्याखालचा जुना रस्ता दरडींमुळे बंद करावा लागला आणि २००५ मध्ये हा झाला. परशुराम घाटात दरड कोसळल्यावर अडकलेल्या कुणालाही तो पूल बघून काय वाटेल ते मी सांगायला नको.

बायकांसाठी काही वेगळं?

सार्वजनिक स्वच्छतागृहं गावोगावी, स्वच्छ, फुकट, आणि सरकारचा नॅशनल पब्लिक टॉयलेट मॅप आहे त्यावर सगळी दिसतात. पुण्याबाहेर पडलं की मी पाणी कमी पिते, तशी सवय आपल्या सगळ्यांनाच आहे, तिथे ती पहिल्या आठवड्यात गेली आणि डोकेदुखीही गेली. पाळीच्या दिवसांत आम्ही अंतर निम्मं केलं किंवा थांबलो. सीट बायकांच्या मापाची घ्या आणि इथेच महिनाभर वापरून बघा.

फोनला रेंज?

टेल्स्ट्रा कंपनीचं सिमकार्ड घ्या, लांबच्या गावांत तेच चालतं, तरी जेनोआ ते कॅन रिव्हरसारख्या जंगलात काहीच नसतं. नकाशे ऑफलाइन ठेवा, आणि घरच्यांना आधीच सांगा की दिवसभर फोन लागला नाही तर घाबरू नका. आपत्कालीन नंबर ०००.

खर्च किती आला?

तिथला रोजचा दोघांचा खर्च सरासरी ९५ ऑस्ट्रेलियन डॉलर, त्यातले साधारण ४० राहण्याचे. डॉलर तेव्हा ५४-५५ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे ४८ दिवसांचे अडीच लाखांच्या घरात. विमान, व्हिसा, विमा वेगळा. प्रवास विमा घेताना सायकलिंग त्यात धरलंय का ते वाचून घ्या.

परत कसे आलात? सायकली तिथेच विकल्या का?

विकल्या नाहीत. वॉर्नंबूलला दोन दिवस थांबलो आणि मेलबर्नच्या ट्रेनमध्ये सायकली चढवल्या, जागा असेल तर घेतात म्हणून स्टेशनवर तासभर आधी जा. न्यू साउथ वेल्सच्या लांब पल्ल्याच्या ट्रेनमध्ये मात्र सायकल खोक्यातच न्यावी लागते. मेलबर्नला एका सायकल दुकानाने रिकामे खोके फुकट दिले, आम्ही दुकानाच्या मागच्या बोळात बसून सायकली उघडल्या, माझ्या मडगार्डच्या आत मॅलाकूटाची काळी राख अजून चिकटलेली होती. नवऱ्याने ब्रश काढला तेव्हा मी म्हटलं, राहू दे थोडी, आपल्याकडे कुणी अडवणार नाही. पाडव्याच्या आठवडाभर आधी पुण्यात पोचलो.